बेबी वॉकरची निर्यात: सुरक्षा-मानकांची प्रस्तावना

बेबी वॉकर म्हणजे चाकांवर बसवलेली गोल किंवा चौकोनी चौकट, तिच्या मधोमध टांगलेली कापडी बैठक, पाय बाहेर काढण्यासाठी बैठकीला दोन मोकळ्या जागा आणि समोर खेळणी लावलेला ट्रे. आधाराशिवाय बसू लागलेले, पण अजून चालता न येणारे मूल त्यात बसते, पायांनी जमीन रेटते आणि घरभर फिरते. प्लास्टिकचे साच्यातून काढलेले भाग, धातूच्या नळ्या, सहा-आठ चाके, कापड आणि मूठभर स्क्रू एवढ्या सामग्रीतून ही वस्तू तयार होते, त्यामुळे लहानसा कारखानाही ती बनवू शकतो. परदेशी बाजारात न्यायची ठरवली की मात्र हीच वस्तू मुलांच्या सामानातल्या सर्वांत कडक नियमांखाली येणाऱ्या वस्तूंमध्ये जाऊन बसते. अमेरिकेत तिच्यासाठी स्वतंत्र संघीय मानक आहे, युरोपात स्वतंत्र तांत्रिक मानक आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अनिवार्य नियम आहेत आणि कॅनडात ती विकणे, आयात करणे, इतकेच काय, तिची जाहिरात करणेही बेकायदा आहे.

इतक्या कडकपणाचे कारण या वस्तूच्या उपयोगातच आहे. सात-आठ महिन्यांच्या मुलाला निसर्गाने जेवढा वेग दिलेला नसतो, तेवढा वॉकर देतो. वॉकरमधले मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकते, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना सांगत आली आहे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आईला धावत येऊन त्याला पकडणे तेवढ्या वेळात शक्य नसते. म्हणूनच वॉकरचे बरेचसे अपघात मोठ्या माणसांच्या डोळ्यांदेखत होतात. वेगाबरोबर उंचीही वाढते. रांगणाऱ्या मुलाचा हात जिथे पोहोचत नाही, तिथे वॉकरमधल्या मुलाचा पोहोचतो: ओट्यावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, टेबलाच्या कडेचा चहाचा कप, शेगडीवरच्या पातेल्याचा दांडा. भाजण्याचे आणि पाण्यात पडण्याचे अपघात यातूनच होतात. मात्र सर्वांत मोठा धोका जिन्याचा. जड डोके, कमजोर मान आणि खाली कठीण पायऱ्या, शिवाय वॉकरचे स्वतःचे वजन. या पडण्यात इजा होते ती बहुतेक वेळा डोक्यालाच.

या धोक्याचे नेमके माप अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दिले. ‘पिडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९९० ते २०१४ या काळातील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदी तपासल्या होत्या. या २५ वर्षांत पंधरा महिन्यांखालील सुमारे २,३०,६७६ मुलांवर वॉकरमुळे झालेल्या इजांसाठी उपचार झाल्याचा अंदाज त्यातून निघाला. त्यांपैकी ९०.६ टक्के मुलांच्या इजा डोक्याला किंवा मानेला होत्या आणि ७४.१ टक्के मुले जिन्यावरून पडली होती. ज्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले त्यांच्यापैकी ३७.८ टक्के मुलांच्या कवटीला तडा गेला होता. निर्यातीसाठी वॉकर बनवणाऱ्याने नियमांची पुस्तके उघडण्याआधी हे आकडे समजून घ्यावेत. मानकांतली जवळजवळ प्रत्येक चाचणी यांतल्या कुठल्या ना कुठल्या अपघाताचे उत्तर आहे. ते ध्यानात आले की कलमांचे जंगल आपोआप विरळ होते.

वॉकरमुळे मूल लवकर चालायला लागते, ही समजूतही इथेच बाजूला ठेवायला हवी, कारण तिचा परिणाम जाहिरातीच्या मजकुरावर होतो. आयर्लंडमधील एका अभ्यासात, जो २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण प्रत्येक २४ तासांमागे स्वतंत्रपणे चालणे ३.३ दिवसांनी आणि एकट्याने उभे राहणे ३.७ दिवसांनी लांबलेले आढळले. तेव्हा खोक्यावर ‘चालायला शिकवतो’ असे छापणे हा ग्राहकाची दिशाभूल केल्याचा आरोप ओढवून घेण्याचा मार्ग आहे. अनुपालनाचा विचार खोक्यावरच्या मजकुरापर्यंत जातो तो असा.

पुढे जाण्यापूर्वी वस्तूची हद्द ठरवणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला लाकडी पांगुळगाडा आणि आजचा बैठकीचा वॉकर या नियमांच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. पांगुळगाड्यात मूल बाहेर, मागे उभे राहते, दांडा धरते आणि गाडा पुढे ढकलते. त्याचे वजन त्याच्याच पायांवर असते. बैठकीच्या वॉकरमध्ये मूल चौकटीच्या आत असते आणि बैठक त्याला तोलून धरते. अमेरिकेचे वॉकर-मानक दुसऱ्या प्रकाराला लागू होते. ढकलायची गाडी हे खेळणे मानले जाते आणि तिला खेळण्यांचे मानक लागते: अमेरिकेत एएसटीएम एफ ९६३, युरोपात ईएन ७१. सुताराने बनवलेला पांगुळगाडा परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी किंवा लाकडी खेळण्यांच्या दुकानांसाठी पाठवायचा असेल तर जिन्यावरून पडण्याच्या चाचणीचा प्रश्न येत नाही. तिथे रंगातले शिसे, लाकडाच्या कुसळी, सुटणारी चाके आणि मुलाने दांड्यावर भार टाकल्यावर गाडी उलटते का, हे मुद्दे येतात. वस्तू कोणत्या खान्यात पडते हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवले नाही तर चुकीच्या मानकानुसार चाचणी करून घेतली जाते आणि तो खर्च वाया जातो. एकाच वस्तूचे दोन उपयोग असले, म्हणजे बैठक काढली की ढकलगाडी होते अशी रचना असली, तर दोन्ही मानके पाळावी लागतात.

अमेरिकेतील नियमांचा इतिहास थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण इतर अनेक देशांचे नियम त्याच वाटेने आले. १९७१ साली तिथे वॉकरविषयी पहिला नियम झाला तो बोटांसाठी. तेव्हाच्या वॉकरांना कात्रीसारखे दुमडणारे पाय असत, उघड्या स्प्रिंगा असत आणि त्यांत मुलांची बोटे चिरडत. त्या नियमाने चिमटा बसणारे, कापणारे, चिरडणारे भाग असलेल्या वॉकरांवर बंदी घातली. जिन्याचा प्रश्न तेव्हा नियमात नव्हता. १९८६ साली एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एफ ९७७ हे ऐच्छिक मानक आले. त्यात स्थैर्य, मजबुती, कुलपे यांचा विचार होता, पण जिन्यावरून पडणाऱ्या मुलांची संख्या कमी होईना. १९९४ साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी असलेल्या संघीय आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, सक्तीचा नियम करण्याची प्रक्रिया सुरू केली. त्या दबावाखाली उद्योगाने मानक सुधारले. १९९६च्या सुधारित मानकात वॉकरपुढे दोन पर्याय ठेवले गेले: एक तर तो ३६ इंची, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर रुंदीच्या दारातून जाणार नाही इतका रुंद असावा, नाहीतर पायरीच्या काठावर स्वतःहून थांबणारी यंत्रणा त्यात असावी.

पुढे जे झाले ते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. वर उल्लेखिलेल्या अभ्यासानुसार १९९० साली अमेरिकेत सुमारे २०,६५० मुलांना वॉकरमुळे इजा झाली होती. २००३ साली हा आकडा ३,२०१वर आला. ८४.५ टक्क्यांची ही घट आहे. वॉकरचा वापर कमी होणे हेही तिचे एक कारण होते, पण रचनेतल्या बदलाचा वाटा मोठा होता. ‘मुलाला एकटे सोडू नका’ ही सूचना खोक्यांवर आधीपासूनच होती. सूचनेने जे साधले नाही ते पायरीच्या काठावर वॉकर अडवणाऱ्या, चौकटीखालच्या रबराच्या पट्टीने साधले. सक्तीचा नियम करण्याची सुरू केलेली प्रक्रिया आयोगाने २००२ साली थांबवली. मग २००८ साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा सुधारणा कायदा आला आणि त्याने लहान मुलांच्या टिकाऊ सामानासाठी सक्तीची मानके करण्याचे बंधन आयोगावर घातले. हे बंधन घालणाऱ्या कलमाला डॅनी कायझर या मुलाचे नाव आहे. बाजारातून आधीच परत मागवलेल्या घडीच्या पाळण्यात १९९८ साली त्याचा मृत्यू झाला होता. या कलमाखाली वॉकरचे मानक जून २०१०मध्ये जाहीर झाले आणि २१ डिसेंबर २०१०पासून लागू झाले. संघीय नियमसंहितेच्या १६व्या शीर्षकातील भाग १२१६ तो हाच. त्याचा गाभा एएसटीएम एफ ९७७चाच आहे. मानकाची आवृत्ती बदलली की आयोग ती स्वीकारतो आणि नियम अद्ययावत होतो. म्हणून चाचणी-अहवालावर एफ ९७७ एवढे लिहून भागत नाही, आवृत्तीचे वर्षही तपासावे लागते. जुन्या आवृत्तीचा अहवाल दाखवून नव्या तारखेचा माल पाठवता येत नाही.

आता ती पायरीची चाचणी. प्रयोगशाळेत कठीण लाकडाच्या जमिनीचा एक उंच मंच असतो. वॉकरमध्ये बालकाच्या आकाराचा आणि वजनाचा पुतळा बसवतात. सुमारे ७.७ किलोचा हा पुतळा मूळचा अमेरिकेच्या नागरी विमानवाहतूक खात्याच्या वैद्यकीय संस्थेत तयार झालेला आहे आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला कॅमी म्हणतात. वॉकरला दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडतात आणि तिच्या टोकाला ८ पौंडांचे वजन लावतात. वजन सोडले की वॉकर काठाकडे ओढला जातो. तो काठापासून किती दूर ठेवायचा हे त्याच्या स्वतःच्या वजनावरून सूत्राने काढतात, जेणेकरून समोरच्या दिशेच्या चाचणीत काठाशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला ४ फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर असेल. वॉकर मंचावरून खाली पडता कामा नये. हीच परीक्षा बाजूच्या आणि मागच्या दिशेनेही घेतात. पुतळ्याला जड जाकीट घालून वाढलेल्या वजनावरही घेतात.

ही चाचणी पास होणे किंवा न होणे बहुतांशी एका गोष्टीवर ठरते. चाके काठाबाहेर गेली की चौकटीचा तळ खाली बसतो आणि तळाला लावलेल्या रबराच्या पट्ट्या जमिनीला घासून वॉकर अडवतात. म्हणजे चाकाची उंची, चाकापासून पट्टीपर्यंतचे अंतर, पट्टीची लांबी, तिचे रबर आणि वॉकरचे वजन कुठे एकवटले आहे, या पाच बाबींचा मेळ बसला पाहिजे. चाक दोन मिलिमीटरने मोठे घेतले की पट्टी जमिनीला उशिरा लागते. स्वस्त, कठीण रबर घेतले की घर्षण कमी होते. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून फवारलेले सिलिकॉन पट्टीवर राहून गेले तर चांगले रबरही घसरते. कित्येक कारखान्यांत हे रबर बाहेरच्या पुरवठादाराकडून येते आणि खरेदी विभागाच्या दृष्टीने ते एक किरकोळ सुटे सामान असते. प्रत्यक्षात संपूर्ण वॉकरमध्ये त्याच्याइतका महत्त्वाचा भाग दुसरा नाही. त्याची कठीणता, घटक आणि पुरवठादार रेखाचित्रावर लिहून गोठवणे आणि प्रत्येक लॉटमागे तपासणे, हे निर्यातदाराच्या सगळ्या कागदपत्रांहून अधिक मोलाचे काम आहे. दुसरा मार्ग, म्हणजे दारातून न जाणारा रुंद वॉकर, आता फारसा दिसत नाही. घरात तो अडचणीचा ठरतो.

पायरीखेरीज मानकात इतर अनेक गोष्टी येतात. अडथळ्याला धडकल्यावर आणि मूल कडेला झुकल्यावर वॉकर उलटू नये. वारंवार आदळणारे आणि स्थिर असे दोन्ही भार बैठकीने सोसावेत. घडीची कुलपे आपोआप सुटू नयेत. बोटे अडकतील अशा फटी नसाव्यात. थांबवण्याचा ब्रेक असल्यास त्याने वॉकर खरोखर थांबावा. ही ब्रेकची चाचणी २०१०च्या नियमात युरोपीय मानकाच्या धर्तीवर घेतली गेली. बैठकीतल्या पायांच्या मोकळ्या जागांचा मुद्दा मात्र वेगळा नोंदवायला हवा. त्या फार मोठ्या असल्या तर मूल खाली सरकते, धड बाहेर येते आणि डोके वर अडकून मानेभोवती फास बसतो. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन विकल्या गेलेल्या वॉकरांविरुद्ध सीपीएससीने जे इशारे दिले आणि जो माल परत मागवायला लावला, त्यांत दोन कारणे पुन्हा पुन्हा आली आहेत: वॉकर पायरीच्या काठावर थांबत नाही आणि पायांच्या जागेतून मूल खाली सरकू शकते. पहिला दोष साच्यात आणि रबरात असतो, दुसरा शिवणकामात. कापड कापणाऱ्या आणि शिवणाऱ्या विभागाकडे सुरक्षेचे काम आहे, हे अनेकदा ध्यानातच येत नाही.

पदार्थांचे नियम यांत्रिक चाचण्यांइतके रंजक नाहीत, पण माल अडकतो तो बरेचदा त्यांच्यामुळेच. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंवरील रंगाच्या थरात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९०हून अधिक चालत नाही आणि मुलाच्या हाताला लागू शकणाऱ्या घटकांत ते १०० भागांच्या आत असावे लागते. पुनर्वापराचे प्लास्टिक, रंगद्रव्ये आणि स्वस्त धातूचे स्क्रू यांतून शिसे येते. ट्रेवरची खेळणी खेळण्यांच्याच नियमांत मोडतात, त्यामुळे त्यांना एफ ९६३ लागते आणि प्लास्टिक मऊ करणाऱ्या आठ थॅलेटांची प्रत्येकी ०.१ टक्क्याची मर्यादाही लागते. तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंत घशात अडकतील असे सुटे भाग चालत नाहीत. त्यासाठी सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारा कोणताही भाग नापास ठरतो. गाणी वाजवणाऱ्या ट्रेमध्ये बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. गिळलेली बटण-बॅटरी काही तासांत अन्ननलिका जाळू शकते.

आता कागदपत्रे. अमेरिकेत वॉकरची चाचणी सीपीएससीने मान्यता दिलेल्या त्रयस्थ प्रयोगशाळेतच करावी लागते. लहान उत्पादकांना काही वस्तूंबाबत मिळणारी सवलत मुलांच्या टिकाऊ सामानाला लागू नाही. प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ची मान्यता असणे पुरेसे नाही. आयोगाच्या यादीत तिचे नाव असावे आणि तेही भाग १२१६च्या चाचणीसाठी असावे. हे दोन्ही तपासूनच नमुने पाठवावेत. अहवालाच्या आधारे मुलांच्या वस्तूचे प्रमाणपत्र तयार होते. परदेशी मालाच्या बाबतीत ते देण्याची जबाबदारी अमेरिकेतील आयातदाराची असते, पण त्यातली माहिती कारखान्यातूनच जाते: वस्तूची ओळख, लागू असलेला प्रत्येक नियम, आयातदार, नोंदी ठेवणाऱ्या व्यक्तीचा पत्ता, उत्पादनाचे ठिकाण आणि काळ, चाचणीचे ठिकाण आणि तारीख, प्रयोगशाळेचे नाव. ८ जुलै २०२६पासून ही माहिती माल बंदरात येतानाच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सादर करण्याचा नियम ठरला आहे. पूर्वी प्रमाणपत्र मागितल्यावर शोधून देण्याची सवय होती, ती यापुढे चालणार नाही. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधी सगळे आकडे जुळलेले असावे लागतील.

एकदाची चाचणी कायमची पुरत नाही. उत्पादन चालू असेपर्यंत ठरावीक मुदतीने पुन्हा चाचणी करावी लागते. साधारणपणे ती वर्षातून किमान एकदा. कारखान्याने लेखी उत्पादन-चाचणी योजना पाळली तर दोन वर्षांतून एकदा आणि १७०२५ मान्यतेच्या प्रयोगशाळेत स्वतः सातत्याने चाचण्या केल्या तर तीन वर्षांतून एकदा. रचनेत, पदार्थात किंवा पुरवठादारात सुरक्षेवर परिणाम करणारा बदल झाला की त्या बदलासाठी नव्याने चाचणी. वर सांगितलेले रबर बदलणे हा असाच बदल आहे, पुरवठादाराने ते ‘तेच आहे’ असे कितीही सांगितले तरी.

युरोपीय संघात चित्र वेगळ्या पद्धतीने मांडलेले आहे. तिथे वॉकरसाठी ईएन १२७३ हे मानक असून त्याची २०२०ची आवृत्ती आहे, पण कायद्याचे छत्र आहे ते सर्वसाधारण उत्पादन-सुरक्षा विनियम २०२३/९८८चे. तो १३ डिसेंबर २०२४पासून लागू झाला आणि त्याने २००१चा जुना निर्देश बाद केला. भारतीय निर्यातदाराच्या दृष्टीने त्यातली मोठी अट म्हणजे संघाच्या भूमीवर एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असल्याखेरीज माल बाजारात आणता येत नाही. त्या व्यक्तीचे नाव, टपालाचा आणि इलेक्ट्रॉनिक पत्ता वस्तूवर किंवा वेष्टनावर असावा लागतो. उत्पादकाने धोक्यांचे विश्लेषण करून तांत्रिक संचिका तयार करायची आणि ती दहा वर्षे जपायची. ऑनलाइन विक्रीत तर वस्तूचे चित्र, उत्पादकाची माहिती आणि सुरक्षेच्या सूचना विक्रीच्या पानावरच दिसल्या पाहिजेत.

सीई या चिन्हाबाबत निर्यातदारांत मोठा गोंधळ आहे. वॉकर म्हणून वॉकरला सीई चिन्ह लागत नाही आणि ज्या वस्तूला ते लागत नाही तिच्यावर ते लावणे हाच नियमभंग आहे. पण ट्रेवर विजेवर चालणारे संगीताचे यंत्र असेल तर त्या यंत्राला विद्युत-चुंबकीय सुसंगतता आणि घातक पदार्थांविषयीचे नियम लागतात, ट्रे सुटा करून खेळणे म्हणून वापरता येत असेल तर खेळण्यांचे नियम लागतात आणि त्या भागांसाठी सीई येते. कोणत्या भागासाठी कोणते चिन्ह, हे संचिकेत स्पष्ट लिहिलेले नसले की अधिकाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही. पदार्थांच्या बाबतीत युरोपचा रसायनांविषयीचा रीच विनियम चार थॅलेटांवर प्लास्टिकयुक्त घटकांत मिळून ०.१ टक्क्याची मर्यादा घालतो. जुलै २०२०पासून ती खेळण्यांपुरती न राहता जवळपास सर्व घरगुती वस्तूंना लागू आहे, त्यामुळे बैठकीचे रेक्झिनही तपासावे लागते.

युरोपीय मानकातील सूचनांचा मजकूर वाचला की वॉकरचे सगळे धोके समोर उभे राहतात. मुलाला एकटे सोडू नये; त्याचा हात आता लांब पोहोचेल आणि ते वेगाने फिरेल; जिने, पायऱ्या, उंचसखल जागा अडवाव्यात; शेगड्या आणि विस्तव झाकावेत; गरम पेये आणि वायरी दूर ठेवाव्यात; एका वेळी थोडाच वेळ, उदाहरणार्थ वीस मिनिटे, वापरावा; आधाराशिवाय बसणाऱ्या मुलांसाठीच वापरावा आणि स्वतः चालू लागलेल्या किंवा १२ किलोंवरच्या मुलाला त्यात बसवू नये. या सूचना ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या भाषेत द्याव्या लागतात. जर्मनीसाठी छापलेले पत्रक पोलंडमध्ये चालत नाही. भाषांतर स्वस्तात यंत्राकडून करून घेण्याचा मोह होतो आणि मग एखादा ‘नये’ गळून पडतो. सुरक्षेच्या सूचनेत तो एकच शब्द सर्व अर्थ पेलत असतो.

ब्रिटनमध्ये संघातून बाहेर पडल्यानंतरही ईएन १२७३चीच ब्रिटिश आवृत्ती आणि २००५चे सर्वसाधारण उत्पादन-सुरक्षा नियम चालतात. उत्तर आयर्लंडला मात्र युरोपीय विनियम लागू आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अनिवार्य नियम अमेरिकन एफ ९७७चा आधार घेतात. पण कोणती आवृत्ती आणि कोणते भाग, हे त्या त्या देशाच्या नियमात पाहूनच ठरवावे.

कॅनडाची गोष्ट वेगळी. तिथे १९८९पासून उद्योगाने स्वेच्छेने वॉकरची विक्री आवरती घेतली होती, तरीही त्या व्यवस्थेबाहेरच्या आयातीतून आणि जुन्या वस्तूंच्या विक्रीतून वॉकर घरोघरी पोहोचतच राहिले. ७ एप्रिल २००४ रोजी कॅनडाने पूर्ण बंदी घातली. असे करणारा तो जगातला पहिला देश. बंदी नव्या मालापुरती नाही. घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीलाही ती लागू आहे. चांगली रबरपट्टी, योग्य प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, काहीही असले तरी कॅनडाचे दार बंद आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशाच बंदीची मागणी करत आली आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. रचना सुधारून धोका पुष्कळ कमी होतो, हे आकड्यांनी दाखवले आहे. उरलेला धोका स्वीकारायचा की नाही, हे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने ठरवले. बाजार निवडताना निर्यातदाराने या मतभेदाची जाणीव ठेवली पाहिजे, कारण आज खुला असलेला बाजार उद्या बंद होऊ शकतो. उत्तर अमेरिकेतील एकाच गोदामातून दोन्ही देशांना माल पुरवणाऱ्या खरेदीदाराशी करार करताना कॅनडातील विक्री लेखी वगळून घ्यावी.

भारतातील नियमांचा निर्यातीशी संबंध मर्यादित आहे. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता-नियंत्रण आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१पासून लागू झाला, पण निर्यातीसाठीचा माल त्यातून वगळलेला आहे. उलट, आयएसआय चिन्ह परदेशी अधिकाऱ्यापुढे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. निर्यातीच्या मालाला जाणाऱ्या बाजाराचाच नियम लागतो. देशांतर्गत आणि निर्यातीचा माल एकाच ओळीवर बनत असेल तर दोन्हींचे सुटे भाग मिसळणार नाहीत याची व्यवस्था मात्र कारखान्यालाच करावी लागते. एका रंगाच्या दोन डब्यांतले रबर शेजारी शेजारी ठेवले की चूक होण्यास एक पाळी पुरते.

माल विकला गेल्यावरही जबाबदारी संपत नाही. अमेरिकेत प्रत्येक वॉकरवर उत्पादकाचे नाव, उत्पादनाचे ठिकाण, तारीख आणि बॅच सांगणारी कायमची खूण असावी लागते. सोबत टपालखर्च भरलेले नोंदणी-कार्ड असते आणि पालकांनी पाठवलेल्या नोंदी किमान सहा वर्षे सांभाळाव्या लागतात. गंभीर धोका दाखवणारी माहिती मिळाली की चोवीस तासांत आयोगाला कळवण्याचे बंधन उत्पादक, आयातदार, वितरक आणि विक्रेत्यांवर आहे. युरोपातही अपघाताची माहिती अधिकृत संकेतस्थळावरून विनाविलंब द्यावी लागते. म्हणून परदेशातून आलेली तक्रार कारखान्यातल्या विक्री विभागाच्या ई-मेलमध्ये पडून राहता कामा नये. ती कोणी वाचायची, कोणाला कळवायची, कोणत्या तासात, हे आधीच ठरलेले असावे. बॅचची खूण नीट उमटलेली असली आणि त्या बॅचमध्ये कोणत्या लॉटचे रबर गेले याची नोंद असली, तर दोष आढळल्यावर तेवढ्याच दिवसांचा माल परत मागवता येतो. ती नोंद नसली तर त्या मॉडेलचे विकलेले सगळे वॉकर परत मागवावे लागतात.